मोरी का तुंबते आणि कशी मोकळी होते?

आंघोळ करताना पाणी घोट्यापर्यंत साचू लागले, की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘उकळते पाणी ओता’ आणि दुसरा म्हणजे ‘अ‍ॅसिड ओता’. दोन्हींमागे एकच गृहीत आहे: मोरीत जे अडकले आहे ते वितळणारे किंवा विरघळणारे आहे. हे गृहीत खरे आहे का, हे सहसा कोणी तपासत नाही. या लेखात आपण ते तपासून पाहू.

त्यासाठी फार मोठ्या ज्ञानाची गरज नाही. आम्ल आणि अल्कली, दुष्फेन पाणी, द्रवाचा दाब, प्रथिने हे विषय शाळेत शिकवले जातात. फक्त ते वेगवेगळ्या पाठांत विखुरलेले असतात. तुंबलेल्या मोरीत ते सगळे एका ठिकाणी भेटतात. शिवाय हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. चुकीची बाटली ओतल्याने डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते आणि दोन बाटल्या एकत्र आल्या तर जीवावर बेतू शकते. म्हणून हा विषय वर्गात यावा असे आम्हांला वाटते.

मोरीखाली काय असते?

मोरीच्या कोपऱ्यात आपल्याला दिसते ती फक्त जाळी. जाळीखाली एक छोटे भांडे असते आणि त्यातून निघणारा पाइप सरळ बाहेर न जाता वळण घेऊन जातो. नळकामाच्या दुकानात या वस्तूला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला न्हाणी हा शब्द अशा रीतीने स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांतही जाऊन बसला आहे. काही जुन्या ट्रॅपमध्ये वळणाऐवजी एक उपडी वाटी असते. वाटीची कड पाण्यात बुडलेली असते आणि पाणी तिच्या खालून वळसा घेऊन पुढे जाते.

वळण असो वा वाटी, काम एकच. मोरीतून पाणी गेल्यावरही त्या खोलगट भागात थोडे पाणी शिल्लक राहते. या पाण्याची उंची साधारणपणे ५ सें.मी. असते. पलीकडच्या गटारातील वायू, दुर्गंधी आणि झुरळे या पाण्यामुळे घरात येऊ शकत नाहीत. हा पाण्याचा अडसर म्हणजे एक साधी पण फार मोलाची युक्ती आहे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपाचे एकस्व घेतले, त्यात असे वळण होते. आज जगभरच्या घरांत त्याचीच भावंडे आहेत. आंघोळीचा टब असो, वॉश बेसिन असो की आपली मोरी, प्रत्येकाच्या खाली हे वळण असतेच.

आता अडचण अशी की जेथे प्रवाह वळतो आणि संथ होतो, तेथेच पाण्याबरोबर आलेल्या वस्तू थांबतात. म्हणजे जो भाग घराचे रक्षण करतो तोच भाग तुंबतो. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

बोळा कशाचा बनतो?

तुंबलेल्या मोरीतून निघालेला काळा, बुळबुळीत बोळा पाहून किळस येते. पण तो काडीने उलगडून पाहिला तर त्याची रचना स्पष्ट दिसते. त्यात एक सांगाडा असतो आणि एक गिलावा असतो. सांगाडा केसांचा, गिलावा साबणाचा.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळतात. केस डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. या खवल्यांची मोकळी टोके केसाच्या शेंड्याकडे असतात. त्यामुळे केस एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडखळतो. एक लांब केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटे लांबीच्या दिशेने पुढेमागे चोळली, तर तो नेहमी मुळाच्या बाजूने पुढे सरकतो. मोरीत अनेक केस एकत्र आले की पाण्याच्या हिसक्यांनी ते एकमेकांत सरकतात, पण मागे येत नाहीत. त्यांचा गुंता होतो आणि तो दिवसेंदिवस घट्ट होत जातो. पंचाचे सुती धागे, घासणीचा काथ्या आणि शाम्पूच्या पुडीचा फाडून टाकलेला कोपरा हे या गुंत्याचे नेहमीचे सोबती. प्लॅस्टिकचा तो तुकडा नखाएवढाच असतो, पण पाइपात आडवा बसला की केसांना अडकायला खुंटी मिळते.

आता गिलावा. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडिअम क्षार, उदाहरणार्थ सोडिअम स्टिअरेट. ते पाण्यात विरघळतात. पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांचे क्षार असले, म्हणजे पाणी दुष्फेन असले, तर सोडिअमची जागा कॅल्शिअम घेते. कॅल्शिअम स्टिअरेट पाण्यात विरघळत नाही. बादलीच्या कडेला जमणारा पांढुरका चिकट थर तो हाच. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात तो अधिक दिसतो.

याचे प्रमाण किती असते, ते गणित करून पाहण्यासारखे आहे. पाण्याची कठीणता कॅल्शिअम कार्बोनेटच्या मापात सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००) लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. लिटरमध्ये २०० मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिमोल कॅल्शिअम. एका कॅल्शिअमला स्टिअरेटचे दोन रेणू लागतात. सोडिअम स्टिअरेटचा रेणुभार ३०६ आहे. म्हणून एक लिटर पाणी ४ × ३०६ = १२२४ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास साबण, फेस येण्याआधीच गिळून टाकते आणि जवळजवळ तेवढाच चिकट साका तयार करते. साबण सगळ्या बादलीत मिसळत नाही हे खरे. तरीही अंगावरून साबणासह वाहणाऱ्या प्रत्येक लिटरमागे ग्रॅमभर साका हे प्रमाण लहान नाही. तो केसांच्या जाळीत अडकतो. त्यावर डोक्याचे तेल बसते. खोबरेल तेल २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत गिलावा आणखी पक्का होतो. पुढे त्यावर जीवाणू वाढतात आणि बोळा बुळबुळीत व काळा होतो.

तर बोळ्यात केस, म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन आहे. साका, म्हणजे कॅल्शिअम साबण आहे. तेल आहे, सूत आहे, प्लॅस्टिक आहे. आता एकेका उपायाची या यादीशी गाठ घालून पाहू.

उकळते पाणी

गरम पाण्याने खोबरेल तेल सहज वितळेल. पण कॅल्शिअम स्टिअरेट वितळायला दीडशे अंशांच्या आसपास तापमान लागते. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. केसांवर, सुतावर आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यावर उकळत्या पाण्याचा काही परिणाम होत नाही. म्हणजे यादीतला एकच पदार्थ हलला, आणि तोही थोडे पुढे गेल्यावर पुन्हा गोठणार.

दुसरीकडे, आजकालचे पाइप बहुधा पी.व्ही.सी.चे असतात. हे प्लॅस्टिक ८० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. उकळते पाणी ओतले तर सांधे सैल होण्याची किंवा पाइप वाकण्याची भीती असते. आंघोळीला चालेल त्याहून थोडे अधिक, म्हणजे ५०-५५ अंशांचे पाणी शेवटी तेल धुऊन काढायला चांगले. उकळते नको.

अ‍ॅसिड

बाजारात फरशीसाठी व शौचकूपासाठी मिळणाऱ्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. या आम्लाने केस विरघळत नाही. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि सौम्य आम्लाला त्या दाद देत नाहीत. साक्यावर आम्लाची क्रिया होते, पण तिच्यातून मेदाम्ल मोकळे होते, आणि तेही पाण्यात न विरघळणारे व मेणचट असते. म्हणजे एक चिकट पदार्थ जाऊन दुसरा आला.

आम्ल ज्यावर खरोखर तुटून पडते त्या वस्तू वेगळ्याच आहेत. मोरीतली शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. तिच्यावर आम्ल पडले की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. फरशीच्या सांध्यांतले सिमेंटही असेच खाल्ले जाते. बोळा जागच्या जागी राहतो, मोरीचा तळ मात्र झिजतो आणि पुढे खालच्या मजल्यावर ओल येते. फेस आला म्हणजे मोरी साफ होत आहे, ही समजूत म्हणून चुकीची आहे. फेस फरशीचा असतो, बोळ्याचा नव्हे.

कॉस्टिक सोडा

येथे रसायनशास्त्र बोळ्याच्या विरुद्ध बाजूने उभे राहते, हे मान्य केले पाहिजे. तीव्र अल्कली प्रथिनांच्या साखळ्या तोडते. लोकर किंवा केस कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळतात. कापड लोकरीचे आहे की सुती हे ओळखण्याची ही जुनी कसोटी आहे, कारण सूत त्यात टिकून राहते. तेलाचा तर कॉस्टिक सोडा साबणच करतो. मोरी साफ करण्याच्या तयार भुकट्यांत मुख्यतः हाच असतो.

मग तो सरळ का वापरू नये? पहिले कारण उष्णता. एक मोल, म्हणजे ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना सुमारे ४४.५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ट्रॅपमध्ये उरलेल्या पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम भुकटी पडली तर हिशेबाने पाण्याचे तापमान सुमारे ५० अंशांनी चढते. तीस अंशांचे पाणी ऐंशीला पोचले, की पाइपाची स्थिती काय होते ते वर आलेच आहे. त्यावर पाणी ओतले तर उसळून तोंडावर येऊ शकते. पाणी कमी पडले तर भुकटीचा दगडासारखा गोळा होऊन वळणातच बसतो. अ‍ॅल्युमिनिअमची जाळी असेल तर त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जो पदार्थ केसाचे प्रथिन तोडतो तो आपल्या कातडीचे आणि डोळ्याचेही तोडतो. डोळ्यात गेलेली अल्कली आत आत शिरत जाते, म्हणून ती बहुतेक वेळा आम्लापेक्षा घातक ठरते. असा अपघात झालाच तर औषध शोधत बसू नये. डोळा उघडा धरून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धुवावा आणि तडक डॉक्टरांकडे जावे. आम्लाने अल्कली मारण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

सोडा आणि व्हिनेगर

खाण्याचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतायचे, हा उपाय हल्ली फार सांगितला जातो. तो निरुपद्रवी आहे, पण उपयोगी आहे का? तीस ग्रॅम सोड्यातून सुमारे साडेआठ लिटर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. त्यासाठी चार टक्क्यांचे व्हिनेगर अर्ध्या लिटरहून अधिक लागेल. वायू बराच झाला, पण पाइपाचे वरचे तोंड उघडे असते. वायू बोळ्याला ढकलण्याऐवजी सोप्या वाटेने वर येतो. खाली उरते ते सोडिअम अ‍ॅसिटेटचे जवळजवळ उदासीन पाणी. एक आम्ल आणि एक अल्कली, दोन्ही एकमेकांना संपवून मोकळी होतात. केसांना ओरखडाही उठत नाही. वर्गात उदासिनीकरण शिकवायला हे उदाहरण उत्तम आहे, मोरी मोकळी करायला नव्हे.

दोन बाटल्या एकत्र आल्यास

एका बाटलीने काम झाले नाही की माणूस दुसरी उघडतो. खरा धोका येथे आहे. कपड्यांचे ब्लीच म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइटचे द्रावण. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शिअम हायपोक्लोराइट असते. यांपैकी कोणतेही आम्लाशी मिसळले की क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने सोडला होता तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणून न्हाणीघराच्या तळाशी साचतो. नेमके तेथेच मोरीवर वाकलेल्या माणसाचे नाक असते.

हिरवट पिवळा वायू दिसला किंवा घशात तीव्र झणका बसला तर झाकण लावणे, पाणी ओतणे यांत वेळ न घालवता बाहेर पडावे, शक्य असेल तर जाता जाता खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर न्यावे आणि श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे जावे. विद्यार्थ्यांनी या लेखातली एकच गोष्ट घरी सांगायची ठरवली, तर ती ही सांगावी: सफाईची दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत, आणि एक ओतल्यावर त्याच दिवशी दुसरे ओतू नये.

मग मोरी मोकळी कशी करावी?

बोळ्याचा सांगाडा हा गुंता आहे. गुंता विरघळवायचा नसतो, ओढून काढायचा असतो. सगळी पद्धत या एका वाक्यात आली.

आधी विचारावे, की कोणी मोरीत काही ओतले आहे का. ओतले असेल तर पुढचे काहीही करू नये, कारण आतले द्रावण अंगावर उडू शकते. अशा वेळी नळ-कारागिराला बोलवावे आणि काय ओतले आहे ते त्याला पहिल्या वाक्यात सांगावे. त्याचा हात आणि त्याचा डोळा आपल्या सांगण्यावर अवलंबून असतो.

नंतर पाहावे, की फक्त ही मोरी तुंबली आहे की बेसिन आणि शौचकूपही. सगळीकडे पाणी चढत असेल तर अडथळा घराबाहेरच्या पाइपात आहे आणि घरातल्या साधनांनी तो निघणार नाही.

एकच मोरी तुंबली असेल तर रबरी हातमोजे घालून साचलेले पाणी मगने उपसावे. जाळी काढावी, उपडी वाटी असेल तर उचलावी. हातभर लांबीच्या जाड तारेचे टोक पक्कडीने वाकवून लहानसा आकडा करावा. तार वळणापर्यंत हळू सरकवावी, एकाच दिशेने चार-पाच वेळा फिरवावी आणि सावकाश वर ओढावी. फिरवल्याने केस तारेभोवती गुंडाळले जातात. केस एकमेकांना सोडत नाहीत, हा जो त्यांचा दोष तोच येथे गुण ठरतो, कारण एक झुबका हाती लागला की मागचे बरेच त्याबरोबर येतात. तार ढकलून बोळा पुढे लोटू नये. पुढे गेलेला बोळा अधिक दूर जाऊन बसतो. निघालेला बोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा, शौचकूपात नव्हे.

एवढ्यावर बहुतेक मोऱ्या मोकळ्या होतात. न झाल्यास रबरी पंप, म्हणजे लाकडी दांड्याची रबरी वाटी वापरावी. तिची ताकद किती असते पाहा. वाटीचा व्यास १२ सें.मी. धरला तर क्षेत्रफळ सुमारे ११३ चौ. सें.मी. होते. दांड्यावर १० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला तर प्रत्येक चौ. सें.मी.वर ०.०८८ किलोग्रॅम दाब येतो. हा दाब सुमारे ८८ सें.मी. उंचीच्या पाण्याइतका आहे. मोरीत साचलेल्या ५ सें.मी. पाण्याचा दाब याच्या तुलनेत किती थोडा आहे! म्हणून साचलेले पाणी स्वतःहून बोळा हलवू शकत नाही आणि पंप हलवू शकतो.

मात्र दोन अटी आहेत. वाटी पाण्यात पूर्ण बुडलेली हवी. वाटीत हवा राहिली तर आपला जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो. पाणी दाबले जात नाही, ते जोर तसाच पुढे नेते. दुसरी अट अशी की दाबाला पळवाट नको. बेसिनचा पाइप याच ट्रॅपला जोडलेला असेल तर बेसिनचे भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे. टब असेल तर त्याच्या भिंतीत वरच्या अंगाला जादा पाणी जाण्याचे भोक असते, तेही असेच बंद करावे. पंप दहा-बारा वेळा लयीत खालीवर करावा. खाली दाबण्याइतकेच वर ओढणे महत्त्वाचे आहे, कारण उलटसुलट हिसक्यांनी बोळा सैल होतो आणि पुष्कळदा वर येतो. आला की तारेने काढून घ्यावा. शेवटी ५०-५५ अंशांचे बादलीभर पाणी सोडावे.

वाटी परत बसवा

सफाई झाल्यावर काही जण उपडी वाटी परत बसवत नाहीत. तिच्याशिवाय पाणी झरझर जाते, म्हणून ती अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात त्यांनी घराचे आणि गटाराचे दार उघडे टाकलेले असते. वळण किंवा वाटी हा पाइपातला दोष नसून पहारेकरी आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावे.

हा पहारेकरी पाणी नसेल तर निरुपयोगी असतो. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत २००३ साली सार्स रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तपासात जी कारणे पुढे आली त्यांत न्हाणीघरांच्या फरशीतील कोरडे पडलेले ट्रॅप हे एक होते. फरशी धुण्याऐवजी पुसली जात असल्याने त्यांत पाणी उरले नव्हते, आणि सांडपाण्याच्या पाइपातले तुषार त्यांतून घरांत येत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद राहिलेल्या शाळेच्या स्वच्छतागृहातली दुर्गंधीही बहुधा अशाच सुकलेल्या ट्रॅपमधून येते. त्यावर उपाय म्हणजे मगभर पाणी.

मोरीच्या पलीकडे

आपण मोरीत ओततो ते आपल्या घरापुरते राहत नाही. कुजणाऱ्या गाळात सल्फाइडे तयार होतात आणि त्यांवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. बंद चेंबरमध्ये तो साचतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग एवढे त्याचे प्रमाण झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते. वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते, आणि माणूस खाली उतरतो. असे मृत्यू आपल्या देशात वारंवार झाले आहेत. सुरक्षिततेच्या साधनांशिवाय गटारात व मैलाटाकीत माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. चेंबर तुंबले तर यंत्र मागवावे. कोणालाही आत उतरायला सांगू नये आणि स्वतःही वाकून पाहू नये. आणि मोरीवर बारीक जाळी ठेवून आठवड्यातून एकदा तिच्यावरचे केस उचलले, तर निम्म्याहून अधिक प्रश्न तेथेच संपतो.

वर्गात करण्याजोगे प्रयोग

पुढील चारही प्रयोग बिनधोक आहेत. कॉस्टिक सोडा, अ‍ॅसिड वा ब्लीच यांचे प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवू नयेत.

(१) दोन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्या, एकीत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित, दुसरीत बोअरचे. साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकून हलवा. टिकाऊ फेस येण्यास किती थेंब लागले ते मोजा. बोअरच्या पाण्यात तरंगणारा साका गाळून घ्या आणि तो गरम पाण्यात विरघळतो का पाहा. साबणाऐवजी शाम्पू घेतला तर काय होते?

(२) गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती मीटरभर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून पाटीला बांधा. तळाशी थोडे रंगीत पाणी घाला. उदबत्तीचा धूर एका तोंडाशी धरला तर पलीकडे जातो का? पाणी काढून पुन्हा पाहा. मग पाणी भरून एका बाजूने हळूच फुंका. किती सें.मी. चढल्यावर बुडबुडे पलीकडे निघतात? पाण्याचा अडसर दाबापुढे किती दुबळा आहे हे यावरून कळेल. इमारतीच्या बाहेरून गच्चीच्या वर नेलेला उघड्या तोंडाचा पाइप कशासाठी असतो, हा प्रश्न येथे विचारा.

(३) सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीत हवा भरून तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. मग पाणी भरून तसेच करा. रबरी पंप पाण्यात का बुडवावा याचे उत्तर बोटाला मिळेल.

(४) एक केस, एक सुती धागा आणि पुडीचा एक तुकडा व्हिनेगरमध्ये, आणि तसेच तिन्ही साध्या पाण्यात आठवडाभर ठेवा. कोणता फरक दिसतो तो नोंदवा. काहीही फरक दिसला नाही, तर तेही निरीक्षणच आहे. तारेचा आकडा का निवडायचा, हे त्यावरून विद्यार्थ्यांना आपल्या शब्दांत लिहू द्यावे.